सही नातेवाइकाची, शरीर पेशंटचं

ऑपरेशनआधीचा संमतीचा कागद आपल्याकडे सर्रास बाहेर बाकावर बसलेल्या मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात दिला जातो. घरच्यांची सही झाली की काम झालं, हा समज पक्का रुजलाय. कायद्याला तो मान्य नाही. सज्ञान, शुद्धीतल्या आणि समज शाबूत असलेल्या माणसाची संमती त्याची त्यालाच विचारावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निकाल दिलेलं एक प्रकरण माहीत असायला हवं. 44 वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. हेतू वाईट नव्हता, हे न्यायालयानेही मानलं. पण जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणून आईची संमती ग्राह्य धरली गेली नाही. आपलं गर्भाशय काढलं गेलंय हे शस्त्रक्रियेनंतर कळणं काय असेल, याचा विचार सही करणाऱ्या प्रत्येकाने करावा.

गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते, हाही असाच गैरसमज. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते.

मानसिक आजार असला की माणसाचं मत विचारायचंच नाही, असं अनेक घरांत चालतं. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र अशा माणसालाही मुळात सक्षमच धरतो. सांगितलेलं कळतंय का, परिणाम उमगतात का, निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येतो का, एवढंच पाहायचं. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला अक्षम ठरवता येत नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय.

शिवाय क्षमता एकदा गेली की सगळीच गेली, असं नसतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना बँकेचा व्यवहार जमणार नाही, पण मोतीबिंदू काढायचा की नाही हे त्या नीट सांगू शकतील. संध्याकाळी गोंधळलेल्या असतील तर सकाळी विचारावं. चष्मा द्यावा, कानाचं मशीन लावावं, सोप्या मराठीत सांगावं आणि काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत ऐकावं. पुष्कळदा कमी पडते ती आपली सांगण्याची तसदी.

अपघातात बेशुद्ध झालेल्याचं वेगळं. तिथे जीव वाचवायला डॉक्टरांनी कुणाच्याही सहीसाठी थांबायची गरज नसते.