‘चांगला’ हा शेरा पुरेसा का ठरत नाही?

आपल्या कामात माणूस केवळ सामान्य असला तर ते पुरेसे आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न व्यक्तीच्या महत्त्वाकांक्षेचा वाटतो. पण सरकारी नोकरांच्या बाबतीत तो पगाराचा आणि पदोन्नतीचाही प्रश्न आहे; आणि त्याचे जे उत्तर सरकारने देऊन ठेवले आहे, ते तपासून पाहण्याजोगे आहे.

सीमा रस्ते संघटनेतील एका कार्यकारी अभियंत्यांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. वरच्या पदासाठी पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत ‘फार चांगला’ हा शेरा आवश्यक होता. चार वर्षे तो त्यांना मिळाला. 1993-94 या एका वर्षी मात्र नुसता ‘चांगला’ असा शेरा पडला, आणि तो त्यांना कळविण्यातही आला नाही. त्यांची पदोन्नती हुकली व कनिष्ठ सहकारी पुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निकाल दिला तेव्हा हे गृहस्थ निवृत्त झालेले होते. जेथे ‘फार चांगला’ ही अट आहे तेथे ‘चांगला’ हा शेरा वस्तुतः प्रतिकूलच ठरतो, म्हणून तो संबंधितास कळविलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे 2009 मध्ये संपूर्ण अहवालच कर्मचाऱ्यास दाखविण्याचा आदेश केंद्र सरकारने काढला.

शेरा उघड झाला, पण अट सैल झाली नाही. उलट ती अधिक कडक झाली. पदोन्नती न मिळालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यास 10, 20 व 30 वर्षांच्या सेवेनंतर वेतनवाढीचा जो लाभ मिळतो, त्यासाठी बहुसंख्य कनिष्ठ कर्मचाऱ्यांना पूर्वी ‘चांगला’ हा शेरा पुरत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार 2016 पासून तेथेही ‘फार चांगला’ अशी अट आली.

हेतू स्तुत्य असेल. परंतु परिणाम काय होतो? ‘चांगला’ असे लिहिले तर हाताखालच्या कारकुनाचे वर्षानुवर्षांचे नुकसान होणार, हे ज्या अधिकाऱ्यास ठाऊक आहे, तो सहसा तसे लिहिण्यास धजावणार नाही. तो सर्वांनाच ‘फार चांगले’ ठरवील. मग खरोखर झटणारा आणि दिवस ढकलणारा यांच्यांत कागदावर भेद उरत नाही. जेथे सगळेच असाधारण, तेथे असाधारण या शब्दाला अर्थ कसला?

या घोटाळ्याचे मूळ दोन भिन्न गोष्टी एक मानण्यात आहे. सरासरी ही तुलनेची बाब आहे. एका कचेरीतील सर्वच माणसे तिच्या वर असू शकत नाहीत, हे साधे गणित आहे. पुरेसेपणा ही मात्र कामाच्या गरजेची बाब आहे. शालान्त परीक्षेत 35 गुणांनी विद्यार्थी उत्तीर्ण होतो. पण निवृत्तिवेतनाच्या शंभर प्रकरणांपैकी 35 प्रकरणेच बिनचूक पाठविणारा कारकून चालेल काय? उरलेल्या 65 घरांत निवृत्तिवेतन अडते. उलटपक्षी, ज्या शाळेत सर्वच शिक्षक तयारी करून वर्गात येतात, तेथील सरासरीपेक्षा कमी ठरलेला शिक्षकही विद्यार्थ्यांचे कल्याणच करीत असतो. त्याला निकामी ठरविणे हा अन्याय होय.

म्हणूनच ‘इतर करतात तेवढे मी करतो’ हे समर्थन टिकत नाही. इतरांचेच काम निकृष्ट असेल, तर त्यांच्या बरोबरीने राहणे हा गुण नव्हे. कामाचा मापदंड शेजारच्या टेबलावर नसतो. तो खिडकीपलीकडे रांगेत उभ्या असलेल्या माणसाजवळ असतो. त्याचा अर्ज वेळेवर निघाला की नाही, त्याच्या मुलाला गणित समजले की नाही, एवढेच तो विचारतो. ज्याच्या कामाने या प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळते, त्याने आपले कर्तव्य केले. मग तो पहिला असो वा पंचविसावा.

असाधारण माणसांचा गौरव अवश्य व्हावा. परंतु शाळा, टपाल, रुग्णालये, खजिने हे सारे चालते ते रोज वेळेवर येऊन आपले काम नीट करणाऱ्या असंख्य साध्या माणसांच्या बळावर. त्यांच्या कामाला ‘चांगले’ म्हणावे, आणि त्या शब्दाने कुणाचे नुकसान होऊ नये. कमी पडणाऱ्यास तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्यही मग अधिकाऱ्यांना येईल.