राजधानी गेली, धक्का राहिला

गोव्याची सहल करून आलेल्या कोणाही गृहस्थाला विचारा, ‘जुने गोवे पाहिलेत का?’ ‘पाहिले की, ते मोठे चर्च!’ एवढे बोलून स्वारी लगेच माशांच्या कालवणाकडे वळते. पण अर्ध्या तासात उरकावी अशी ही जागा नव्हे. १५३० पासून ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंतच्या ठाण्यांचा कारभार येथून चाले. एवढे मोठे शहर गेले कुठे, हा प्रश्न मनात धरून येथे एक सबंध दिवस काढावा.

पणजीहून कदंब बस दहाएक किलोमीटरवर आणून सोडते. उतरल्यावर आधी थेट मांडवीच्या धक्क्यावर जावे, कारण त्या काळी शहरात शिरण्याची मोठी वाट पाण्यातूनच होती. धक्क्यावरून वळले, की समोर विजरईंची कमान. लिस्बनहून नवा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, आला की येथे त्याच्या हाती शहराच्या किल्ल्या देत. वास्को द गामाचा पणतू विजरई असताना ती उभारली, म्हणून नदीच्या अंगाला पणजोबांचा पुतळा आहे. दुसऱ्या अंगाला तलवार घेतलेली संत कॅथरीन आणि तिच्या पायाशी पडलेला पुरुष. जिंकणाऱ्याने काढलेले हे जिंकलेल्याचे चित्र! मूळ बांधकाम ढासळल्यावर १९५४ साली कमान पुन्हा बांधण्यात आली.

पुढे संत काजेतानच्या चर्चजवळ काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी दिसते. ही आदिलशहाच्या वाड्याची. १५१० साली आल्बुकर्कने शहर घेतले आणि पुढे त्याच वाड्यात विजरई राहू लागले. आज आदिलशहा नाही, विजरई नाही, वाडाही नाही. दार तेवढे आहे.

तेथून से कॅथेड्रलला यावे. १५६२ साली आरंभलेले हे काम १६१९ साली पुरे झाले. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. १७७६ साली एक कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. तोवर शहराची उमेदच सरली होती.

समोरच्या बॉम जेझूचा लालसर जांभा पाहून कोकणातल्या माणसाला घरच्यासारखे वाटेल. पण हे रूप मूळचे नव्हे. भिंतींवरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकला. दर्शनी भागातला काळा दगड वसईचा. आत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आहे, ती गोव्याच्याच कारागिरांनी १६३० नंतरच्या दशकात घडवली. खालची संगमरवरी बैठक मात्र फ्लॉरेन्सची, १६९८ सालची. १६८३ साली संभाजीराजांच्या फौजेने शेजारच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा विजरईने ही पेटी उघडवून आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला, असे सांगतात. शहरावरचे संकट टळले ते मोगल फौज चालून आल्याने राजांना परत फिरावे लागले म्हणून.

मग टेकडीवर चढावे. तेथे संत ऑगस्टिनच्या चर्चचा ४६ मीटर उंचीचा अर्धामुर्धा मनोरा आहे. १८३५ साली मठ बंद झाले, १८४२ साली छत पडले, १९३१ साली दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा गेला. या पडझडीतच २००५ साली जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष उत्खननात मिळाले. इराणात १६२४ साली तिला मारले होते. साधूंनी तिच्या अस्थी येथवर आणल्या. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी खात्री पटवली आणि २०२१ साली राणी मायदेशी गेली.

आता सकाळचा प्रश्न. शहर शत्रूने जाळले नाही. जांभा पाणी झिरपू देतो. सांडपाणी विहिरींत उतरले. पटकी आणि हिवताप यांनी वस्ती पोखरली, डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडला. १६९५ साली विजरई पाणेलीला गेले, १७५९ साली पणजीला. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. एवढी चर्चे बांधणाऱ्या राज्याला पिण्याचे पाणी निर्मळ राखता आले नाही!

परतण्याआधी धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे. ज्यांचे नाव बसवर वाचले, त्या कदंब राजांच्या सप्तकोटेश्वराचे मंदिर या बेटावर होते. ते सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. भाविकांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे मंदिराचा जीर्णोद्धार केला. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने तेथेही जाता येते. मुलांना तेथवर जरूर न्यावे. दोन्ही काठ पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

मात्र त्यांना हेही सांगावे, की हा हार-जितीचा हिशेब नव्हे. बॉम जेझूत आजही मेणबत्त्या लागतात, नार्व्याला समई तेवते. दोन्हीकडे पूजणारी माणसे गोव्याचीच, एकाच मातीची. गेले ते फक्त राज्य. विजरईंच्या कमानीत आता किल्ल्यांचा सोहळा होत नाही. दिवाडीची माणसे बाजारच्या पिशव्या घेऊन तिच्यातून फेरीबोट गाठायला जातात.