कवटी उकळायची नसते

पालघरमधल्या घिवलीसारख्या किनारी गावात हाडांची टंचाई नाही. तरी वाळूत कासवाची किंवा डॉल्फिनची कवटी सापडली, तर ती घरी आणायची सोय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा मेलेला प्राणीही सरकारी मालमत्ताच. वनखात्याला कळवायचं आणि बाजूला व्हायचं. कवटी साफ करण्यात हात बसवायचा तर तो बोकडाच्या मुंडीवर.

खाटकाला आधीच बजावावं लागतं: मुंडी भाजू नको, भेज्यासाठी फोडू नको. कातडं, डोळे, जीभ काढायची. मेंदू मागच्या भोकातून तारेने ढवळून पाण्याच्या धारेने बाहेर काढायचा. इथे बहुतेकांना घाई होते आणि मुंडी चुलीवर चढते. उकळीने चरबी हाडात मुरते, मग कवटी कायमची पिवळट राहते. दातांना चिरा जातात, नाकातली कागदासारखी पातळ हाडं ढिली होतात.

त्यापेक्षा झाकणाच्या बादलीत साधं पाणी घालून मुंडी बुडवून ठेवावी, तीही घरापासून लांब, कारण वास भयंकर सुटतो. मांस जिवाणू खातात आणि उकाड्यात त्यांचं काम भराभर चालतं. काही दिवसांनी शिंगांची टोपणं आतल्या हाडावरून आपोआप सुटतात. पाणी बदलताना ते चाळणीतून ओतावं, नाहीतर सुटे दात गटारात जातात. वरच्या जबड्यात पुढचे दात दिसले नाहीत म्हणून शोधत बसू नये. बोकडाला ते नसतातच.

संग्रहालयं याच कामाला डर्मेस्टिड भुंगेरे पाळतात. त्यांच्या अळ्या वाळलेलं मांस हाडाला धक्का न लावता फस्त करतात. वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांची, सुक्या मासळीची नासाडी करणारी कीड याच घराण्यातली!

नंतर भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात, पाणी पुन्हा पुन्हा बदलत, चरबी काढायची. शेवटी औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीचिंग पावडर नको, तिने हाड भुसभुशीत होतं.

देवमाशाचं हेच काम किती लांबतं, ते कॅनडात दिसलं. १९८७ मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंडला लागलेला निळा देवमासा तिथे पुरला होता. २००८ मध्ये उकरला तेव्हा मांस शिल्लकच होतं. त्या चिकट मातीत प्राणवायू पोचत नव्हता. सांगाडा व्हँकुव्हरच्या बीटी संग्रहालयात लागायला २०१० उजाडलं. आपल्याकडे देवमाशाचा सांगाडा पाहायचा तर रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र गाठावं.

घोळ माशाच्या डोक्याला मात्र नियम उलटा. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्याच मुरब्याच्या मच्छीमारांना दीडशेहून अधिक घोळ मिळाल्या आणि त्या सव्वा कोटीच्या वर गेल्या. भाव होता तो पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला. डोकं कालवणात जातं. ते मंद आचेवर थोडंच शिजवून हाताने सोडवलं, की अनेक सुटी हाडं हाती येतात आणि त्यांत कानातले दोन पांढरे खडे. या खड्यांवरची वलयं मोजून शास्त्रज्ञ माशाचं वय काढतात.