नवा रस्ता आणि परीक्षकाची दृष्टि

रस्ता रुंद व गुळगुळीत झाला म्हणजे सुधारला, असा आपणां सर्वांचा समज असतो. आमचाही होता. परंतु आमच्या गांवचा रस्ता रुंदावल्यापासून, नातवाचा हात धरून तो ओलांडतांना आमचीं पावलें अडखळूं लागलीं. कारण उघड आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यावर तें थांबण्यास चौपट अंतर लागतें. आणि रुंदीमुळें ओलांडणाराचा वेळही वाढतो.

म्हणूनच योजनेची सुरक्षितता आगाऊ तपासण्याची पद्धति निघाली. इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१० सालीं तिची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. आराखडा होतांना, बांधकाम चालू असतां, वाहतूक सुरू होण्यापूर्वीं व नंतरही ही तपासणी करावयाची असते. तिचें मर्म एकच: ज्यानें आराखडा केला, त्यानें तो तपासूं नये. विद्यार्थ्यानेंच आपल्या उत्तरपत्रिकेस गुण द्यावे, हें कोणत्या शिक्षकास रुचेल? परीक्षकानें रस्ता रात्रींही पाहावा. वृद्धाच्या व बालकाच्या पावलांनीं तो ओलांडून पाहावा.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें, विहित मानकें न पाळल्यामुळें मृत्यु वा अपंगत्व ओढवल्यास, रस्त्याच्या रचनेस व बांधकामास जबाबदार असणारांस १ लक्ष रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण दंडानें गेलेलें माणूस परत येत नाहीं. तेव्हां आपल्या गांवीं नवा रस्ता होणार असल्यास, त्याची तपासणी झाली काय व तींत आढळलेले दोष दूर केले काय, हें वाचकांनीं लेखी विचारावें. उद्घाटनाचा नारळ फुटण्यापूर्वींच विचारावें, एवढीच आमची विनंती आहे.