चाक गाडीवरच तोलावे का?

मशीनवर बॅलन्सिंग करूनही ताशी 90-100 किलोमीटरला स्टिअरिंग थरथरते, तेव्हा लगेच टायरला दोष देऊ नये. मशीन तोलते फक्त टायर आणि रिम. डिस्क किंवा ड्रम आणि हब त्यातून सुटतात. रिम हबवर नेमकी मध्यावर बसली नसेल, तर तेही मशीनला कळत नाही. फरक क्षुल्लक नसतो: रिमच्या कडेचे 20 ग्रॅम ताशी 100 किलोमीटरला सुमारे साडेतीन किलोचा ओढा देतात, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. गाडी जॅकवर घेऊन, मोटरच्या रोलरने चाक फिरवून, सस्पेन्शनखालच्या सेन्सरने कंप टिपण्याची जुनी पद्धत ही सगळी जोडणी एकत्र तोलते. चाक काढून दुसऱ्या बोल्टवर बसवले की हा तोल बिघडतो, हा आक्षेप खरा. पण रिमवर आणि हबवर खडूची खूण केली की तो बराचसा मिटतो. टायरची अदलाबदल केल्यावर मात्र काम पुन्हा करावेच लागते. म्हणून आधी मशीन, आणि कंप उरलाच तर ही पद्धत. वाकलेली रिम शिशाच्या तुकड्यांनी सरळ होत नाही. एक इशारा: इंजिनाने एकच उचललेले चाक फिरवल्यास साध्या डिफरन्शियलमुळे ते स्पीडोमीटरच्या दुप्पट वेगाने फिरते, काटा 50 वर असेल, तर चाक 100 वर असते.