घरी सेवेला येणारी ताईच रोखू शकते संसर्ग

आंजर्ल्यात आणि आसपासच्या गावांत अनेक घरांची गोष्ट सारखीच आहे. मुलगा आखातात नाहीतर मुंबईत, घरी म्हातारे आई-वडील. अब्बांना पक्षाघात झाला, लघवीची नळी लागली, की सेवेला गावातलीच एखादी ताई ठेवली जाते. तिला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगतात, पण हात कधी धुवायचे हे कुणी सांगत नाही. नळी, पाठीवरची जखम, मधुमेहाच्या पेशंटचा पाय, इथूनच जंतू आत शिरतात. ताप चढल्यावर दापोली गाठायची धावपळ होते.

यावर उपाय आपल्या महाराष्ट्रातच सापडलेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाला हात लावण्याआधी हात धुणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि वेळेवर औषध देणं हे त्या शिकल्या. हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. २०११ पासून आशाताईंमार्फत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची योजना देशभर सुरू झाली.

त्या बायका डॉक्टर नव्हत्या. पण त्यांना नीट प्रशिक्षण मिळालं, कामावर कुणाची तरी देखरेख राहिली आणि गावाने त्यांचं ऐकलं. म्हाताऱ्यांच्या सेवेलाही हेच लागू आहे.

मग ताईला काय शिकवायचं? पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर, नळी किंवा जखमेचं काम करण्याआधी, लघवी-रक्ताचा संपर्क आल्यावर, आणि त्यांच्या अंथरुणाला हात लावल्यावर हात धुवायचे. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हातमोजे घातले तरी हात धुणं सुटत नाही. लघवीची पिशवी कमरेपेक्षा खाली, पण जमिनीला टेकू न देता ठेवायची. ताप, थंडी, अचानक बरळणं, जखमेतून पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

वुजूमुळे हात धुण्याची सवय आपल्या घरांत आहेच. पण पेशंटच्या सेवेसाठी साबण हवाच.

आता घरच्यांचं काम. दवाखान्यातून सुट्टी मिळताना नर्सबाईंकडून हे सगळं ताईला समोर करून दाखवायला सांगा. साबण, मोजे, स्वच्छ टॉवेल तुम्ही आणून द्या. तिला स्वतःला ताप-खोकला असेल तर पगार न कापता सुट्टी द्या, नाहीतर ती आजार लपवून कामाला येईल. आणि बघायला आलेल्या चाचांना तिने ‘आधी हात धुवा’ म्हटलं, तर रागावू नका. त्या खोलीत तिचा शब्द चालू द्या. आखातातून फोन कराल तेव्हा अब्बांची तब्येत विचाराच, आणि साबण संपला का, हेही विचारा.