विकासाचा जमाखर्च

विकास हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली आणि भातशेती व मासेमारीवर जगणारा हा पट्टा पाहता पाहता कामगारांचा झाला. बेटेगाव-बोईसर परिसरातील कितीतरी घरांत पहिला पगार कारखान्यातूनच आला. मुलांचे शिक्षण, पक्के घर, बँकेचे पासबुक हे सारे त्या पगारावर झाले. म्हणूनच पर्यावरणाचा विषय निघाला की कामगार बांधव विचारतात, ‘मग कारखाने बंद करायचे काय?’ हा प्रश्न पोटाचा आहे. तो हसण्यावारी नेता येणार नाही. त्याचे उत्तर शोधण्याचा आम्ही येथे अल्पसा प्रयत्न केला आहे.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. ठेवीचे व्याज खाल्ले तर ठेव टिकते आणि मुद्दल मोडून खाल्ले तर चार दिवसांची चैन होते, हे आम्ही रोज पाहतो. देशाच्या उत्पन्नाचेही तसेच आहे. कारखान्याचा माल विकला की पैसा जमेस धरला जातो. पण खाडीतला मासा कमी झाला, विहिरीचे पाणी बिघडले, कामगाराला दम्याने गाठले, तर तो खर्च कारखान्याच्या वहीत चढत नाही. तो मच्छीमाराच्या, शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या अंगावर पडतो. हा लपलेला खर्च ज्याचा त्याच्या नावे टाकणे आणि मुद्दल शाबूत ठेवून उत्पन्न वाढवणे, यालाच हरित विकास म्हणतात. चार झाडे लावून फोटो काढणे म्हणजे हरित विकास नव्हे.

आपल्या दाराशीच याचे उदाहरण आहे. तारापूर वसाहतीचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात शुद्ध करून नवापूरच्या समुद्रात सोडायचे, अशी योजना आहे. जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटरची, पण येणारे पाणी त्याहून जास्त. सांडपाण्यातील घाण सूक्ष्म जीव खातात आणि त्यासाठी पाणी टाकीत काही तास थांबावे लागते. लोंढा वाढला की तेवढा वेळ मिळत नाही आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी पुढे जाते. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ या तत्त्वावर भरपाई बसवली. पाच कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्रही उभारावे लागले. जो खर्च आधी टाळला, तोच पुढे दंडासह करण्याची वेळ आली.

शेजारच्या डहाणूची हकिकत याहून बोलकी आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. तेथील ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राने धुरातील गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. बरीच ओढाताण होऊन २००७ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. वीज केंद्र काही त्यामुळे बंद पडले नाही. वीज निघत राहिली, नोकऱ्याही राहिल्या.

मात्र गंधक गेला तरी कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड उरतोच. त्याने पृथ्वी तापते, समुद्र तापतो आणि वादळे बळावतात. मे २०२१ मधील तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याने पाहिलेच आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले आहे. २०२५ मध्ये देशातील स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग कोळसा, वायू व तेल यांखेरीज अन्य स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचाच वाटा मोठा आहे. इकडे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा आयात मालावर कार्बनचा आकार लागू केला आहे. आपल्या वसाहतीत पोलादाचेही कारखाने आहेत. धुराचा हिशेब आता परदेशचे गिऱ्हाईकही मागणार. तेव्हा कारखाना सुधारला तर बंद पडेल ही भीती जुनी झाली. न सुधारला तर बंद पडेल, हे आजचे वास्तव आहे.

आता खरा प्रश्न, या बदलाचा भार कोणी सोसायचा? बॉयलर बदलला की पहिली गदा कंत्राटी कामगारावर येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, पाणी आणि वीज यांचा एकत्र विचार झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. निसर्गाला आवर, उद्योगाला वीज आणि सामान्य माणसाचे कल्याण या तीन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हा त्या कामाचा धडा होय. जुन्या कामगाराला नव्या यंत्राचे शिक्षण कारखान्याच्या खर्चाने मिळाले पाहिजे, ही मागणी त्याच धड्यातून येते.

आपण काय करावे? विद्यार्थ्यांनी आयटीआय व पदविका निवडताना सौर यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया, पाण्याची तपासणी या कामांकडे पाहावे. ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे त्यांनी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेची चौकशी करावी. तीन किलोवॅटच्या संचाला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली की पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मागून वाचावा आणि दोन प्रश्न लेखी द्यावेत : सांडपाणी कोठे जाणार आणि स्थानिकांना कायम काम किती मिळणार?

वही दुसऱ्याच्या हाती असली की आपल्या नावे काय लिहिले जाते ते कळत नाही. ती वाचायला शिकणे हेच आपले पहिले काम आहे.